पोटगी आईच्या खात्यात आली. सज्ञान झाल्यावर ती मला मागता येईल का?

प्रश्न : मी १९ वर्षे ४ महिन्यांची आहे. मी सहा वर्षांची असताना आई-बाबांचा घटस्फोट झाला. न्यायालयाने माझ्यासाठी दरमहा ८,००० रुपये पोटगी ठरवली आणि बाबांनी माझ्या नावावर ५ लाखांची मुदत ठेव ठेवायची, असेही ठरले. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा आईने दुसरे लग्न केले आणि मी आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे राहायला आले. तिथेच वाढले. पोटगी मात्र आईच्याच खात्यात येत राहिली. मी चौदा वर्षांची असताना बाबांनी १४ महिने काहीच भरले नाही. मला अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी पोटगी बंद केली. आई म्हणते, ‘सगळे तुझ्यावरच खर्च झाले.’ बाबा म्हणतात, ‘मी दिले, आता तिला विचार.’ मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फी आजीच्या निवृत्तिवेतनातून जाते. ते पैसे माझे होते ना? मला ते मागता येतील का?

उत्तर : हक्क तुमचाच होता. पण ‘मागता येतील का’ याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही, कारण तुम्ही ज्यांना ‘ते पैसे’ म्हणता आहात ती एकच रक्कम नाही. तुम्ही आईजवळ राहत होतात तेव्हा आलेली पोटगी, तुम्ही आजीकडे असताना आईकडे जमा झालेली पोटगी, बाबांनी न भरलेले १४ महिने आणि ती मुदत ठेव अशा चार वेगळ्या बाबी आहेत. अठरानंतरचा खर्च ही पाचवी. प्रत्येकीत समोरचा पक्ष वेगळा, कायदा वेगळा आणि मुदतही वेगळी. मी २२ वर्षे कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. चांगल्या बाजूच्या मुलांचे अर्जही सगळे एकत्र कालवल्यामुळे फसलेले मी पाहिले आहेत. म्हणून एकेक बाब सुटी करून सांगतो. तुमच्या आई-वडिलांचे लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेले होते असे धरून लिहितो आहे. तसे नसेल तर काही कलमे बदलतील.

आधी मालकीचा मुद्दा. तुमच्या जुन्या प्रकरणाची नक्कल काढलीत तर अर्जदार क्रमांक १ म्हणून आईचे नाव दिसेल आणि अर्जदार क्रमांक २ म्हणून तुमचे. तुमच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिलेले असेल. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या मुलाचा पालक. सातबाऱ्यावर लहान मुलांच्या नावापुढे ही तीन अक्षरे तुम्ही पाहिली असतील, अर्थ तोच. नाव मुलाचे आणि सही पालकाची. म्हणजे ८,००० रुपयांचा आदेश तुमच्या बाजूने होता आणि आई ती रक्कम तुमच्या वतीने स्वीकारत होती. पालक आणि पाल्य कायदा, १८९० च्या कलम २० मध्ये पालकाचे पाल्याशी नाते विश्वासाचे मानले आहे आणि त्या नात्याचा स्वतःसाठी फायदा करून घेण्याची पालकाला मनाई आहे. कलम २७ सांगते की सामान्य शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो तितक्या काळजीने पालकाने पाल्याची मालमत्ता सांभाळावी. हे नुसते न्यायालयाने नेमलेल्या पालकापुरते नाही. कायद्यात ‘पालक’ या शब्दाची व्याख्याच रुंद आहे : मुलाच्या देहाची किंवा मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे आहे तो पालक.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग प्रश्नच मिटला. मिटत नाही. पोटगी ही साठवण्यासाठी दिलेली रक्कम नसते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार येतात. ही रक्कम त्या त्या महिन्यात खर्चून संपावी हेच अपेक्षित आहे. त्यामुळे न्यायालय ‘किती उरले’ असे विचारत नाही, ‘मूल नीट वाढले का’ असे विचारते. आईने दरमहाच्या पोटगीचा हिशेब वहीत लिहून ठेवावा, असे कोणतेही कलम तिला बांधत नाही. न्यायालयाने नेमलेल्या पालकाकडे १८९० च्या कायद्याच्या कलम ३४ खाली हिशेब मागता येतो, पण नैसर्गिक पालक असलेल्या आईवर ती सक्ती नाही.

म्हणून तुमच्या वयाच्या सहा ते अकरा वर्षांतली पोटगी, साधारण ६० महिन्यांचे ४ लाख ८० हजार, यावर पाणी सोडा असे मी स्पष्ट सांगतो. तुम्ही आईच्या घरात होतात, तिच्या ताटात जेवत होतात, शाळेत जात होतात. घरभाड्यातला तुमचा वाटा किती, विजेच्या बिलातला किती, तापात काढलेल्या रात्रींचे मोल किती, हे आज कोणी मोजू शकत नाही आणि न्यायालय मोजायला बसत नाही. एखादा रुपया तिने स्वतःच्या साडीवर खर्च केला असेलही. तेवढ्यावरून कोणी तिला जबाबदार धरणार नाही.

तुम्ही आजीकडे आल्यानंतरची गोष्ट निराळी आहे. अकरा ते अठरा म्हणजे ८४ महिने. त्यातले न भरलेले १४ वजा केले तर ७० महिन्यांचे ५ लाख ६० हजार रुपये आईच्या खात्यात आले आणि मूल तिच्याजवळ नव्हते. इथे ‘घरखर्चात मिसळून गेले’ हे उत्तर पुरत नाही, कारण ज्या घरात मिसळले त्या घरात तुम्ही राहतच नव्हतात. ती रक्कम तिने आजीकडे पोहोचवायला हवी होती, नाहीतर तुमची फी आणि दवाखाना यांवर खर्चायला हवी होती. तिने त्यातले काय केले हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. १८९० च्याच कायद्याचे कलम ३७ सांगते की विश्वस्ताविरुद्ध लाभार्थ्याला जे उपाय उपलब्ध असतात ते पाल्यालाही पालकाविरुद्ध राहतात. त्याखाली सज्ञान झालेले मूल हिशेबासाठी दिवाणी दावा लावू शकते.

पण असे दावे क्वचितच लागतात आणि त्याहून क्वचित पूर्ण यशस्वी होतात. पुरावा हे त्याचे मुख्य कारण. तुम्ही आजीकडे राहत होतात हे दाखवणे सोपे आहे : शाळेचा दाखला, शाळेच्या नोंदवहीतला पत्ता, आधार कार्डावरचा पत्ता, दवाखान्याचे कागद, फीच्या पावत्यांवरची आजीची सही. आईने काहीच पाठवले नाही, हे सिद्ध करणे अवघड असते. ती म्हणेल की दर महिन्याला रोख देत होते, आणि आजी म्हणेल की देत नव्हती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तिचीच आई, आणि मध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्ही. ही उलटतपासणी मी पाहिली आहे. त्यात दावा जिंकलेली मुलगीही सावरलेली दिसली नाही. म्हणून या ५ लाख ६० हजारांसाठी दावा हा माझ्या मते शेवटचा उपाय. आधी वकिलामार्फत साधे पत्र पाठवा, कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकासमोर बसा, मध्यस्थीची तयारी दाखवा. बहुतेक वेळा आई सगळी रक्कम परत करत नाही, पण शिल्लक शिक्षणाचा खर्च उचलायला तयार होते. ते कमी नाही.

बाबांकडून तेच पैसे पुन्हा मागता येतील का, असेही अनेक मुले विचारतात. नाही. आदेशात ज्याला द्यायला सांगितले त्याला त्यांनी दिले की त्या महिन्यांपुरती त्यांची जबाबदारी फिटली. तुम्ही आजीकडे राहता हे त्यांना माहीत होते तर आदेशात बदल मागून पोटगी आजीकडे वळवता आली असती. परिस्थिती बदलल्यावर असा बदल मागायची सोय पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. कोणी तो अर्ज केला नाही. आज कोणी आजी किंवा मामा हे वाचत असतील आणि मूल तुमच्या घरात, पोटगी दुसरीकडे अशी स्थिती असेल, तर हा अर्ज मूल अज्ञान असतानाच करा. नंतर हिशेब मागत फिरण्यापेक्षा ते शतपट सोपे आहे.

आता बाबांनी न भरलेले १४ महिने, म्हणजे १ लाख १२ हजार. ही रक्कम कोणी खर्च केलेली नाही आणि ती देणे लागणारा माणूस समोर आहे. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून मागची थकबाकी पुसली जात नाही. पण ती कशी वसूल होते हे तुमचा आदेश कोणत्या कलमाखाली झाला यावर अवलंबून आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (आजचे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) झाला असेल तर थकीत झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली अर्ज केला तरच वॉरंट निघते. प्रत्येक थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. हे एक वर्ष तुमच्या बाबतीत केव्हाच उलटले. आईने त्या काळात वसुली अर्ज केला होता का, हे आधी पाहा; केला असेल आणि तो प्रलंबित असेल तर तोच पुढे चालवता येईल. केला नसेल तरी धीर सोडू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ही एक वर्षाची अट अटकेच्या मार्गापुरती आहे, तिने पोटगीचा हक्क संपत नाही. त्याआधी १९८९ मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते की तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, देण्याची फेड नव्हे.

आदेश घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली झाला असेल तर बाजू आणखी बळकट आहे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी, आपण ज्याला दरखास्त म्हणतो तिच्यासाठी, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षे मिळतात. दरमहा द्यायच्या रकमेत ही १२ वर्षे त्या त्या महिन्याची रक्कम चुकल्यापासून मोजतात. तुमचे १४ महिने पाच वर्षांपूर्वीचे आहेत. दरखास्त तुम्ही स्वतःच्या नावाने लावू शकता, आता अ.पा.क. लागत नाही. बाबांच्या पगारावर किंवा बँक खात्यावर जप्ती मागता येते.

बाबा कदाचित म्हणतील, ‘त्या वर्षी मी तिला सायकल घेऊन दिली, मोबाइल दिला, सहलीला नेले.’ त्या भेटी होत्या. आदेशाची रक्कम आदेशाप्रमाणेच द्यावी लागते. ते असेही म्हणू शकतात की, ‘तिच्या आईशी बोलणे झाले होते, तिने ते १४ महिने सोडून दिले.’ हे उत्तर मला वरचेवर ऐकायला मिळते, म्हणून थोडे थांबतो. आईला स्वतःची पोटगी सोडता येते. तुमची सोडता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे अज्ञान मुलाच्या वतीने दाव्यात तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते आणि ती नोंदलेली असावी लागते. परवानगीशिवाय केलेली तडजोड मूल रद्द करून घेऊ शकते. न्यायालयाबाहेर पाचशेच्या मुद्रांकावर ‘मुलीच्या पोटगीबाबत काही तक्रार नाही’ असे लिहून घेतलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. मुलाविरुद्ध त्यांचा उपयोग होत नाही.

आता मुदत ठेव. तुमच्या प्रकरणात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बाब हीच, आणि तुम्ही तिचा उल्लेख फक्त एका ओळीत केला आहे. दरमहाची पोटगी खर्चण्यासाठी असते, ठेव राखण्यासाठी. ती मुलाची भांडवली मालमत्ता आहे. तिच्याबद्दल ‘खर्च झाले’ असे म्हणून सुटता येत नाही.

पहिली शक्यता, ठेव शाबूत आहे. मग तुमचे वय सिद्ध करणारा कागद, आधार, पॅन आणि आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन बँकेत जा. खाते अज्ञानाचे होते ते सज्ञानाचे करून घ्या. पावतीवर न्यायालयाचा बोजा नोंदलेला असेल तर बँक न्यायालयाचा आदेश मागेल. त्यासाठी छोटा अर्ज पुरतो.

दुसरी शक्यता, आईने ती मध्येच मोडली. इथे दोन प्रकार पडतात. ठेव न्यायालयामार्फत ठेवलेली असेल तर परवानगीशिवाय ती मोडता येत नाही; आदेश ३२ च्या नियम ६ मध्ये मुलाच्या हुकूमनाम्यातली रक्कम स्वीकारायलाही परवानगी लागते. तरीही बँकेने ती मोडू दिली असेल तर बँकेलाही उत्तर द्यावे लागेल. ठेव दोघांनी आपसात ठरवून साध्या रीतीने ठेवलेली असेल तर नैसर्गिक पालकाच्या सहीवर आणि ‘रक्कम मुलीच्या हितासाठी वापरणार’ अशा हमीवर बँका ती मोडू देतात. मग प्रश्न उरतो, हित कोणते? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ मध्ये पालकाने मुलाच्या फायद्यासाठी आवश्यक किंवा वाजवी आणि योग्य तेवढेच करावे, अशी मर्यादा आहे. तुमच्या शस्त्रक्रियेसाठी मोडली असेल तर ते बसते. नव्या घराच्या आगाऊ रकमेसाठी मोडली असेल तर बसत नाही. आणि इथे आईवर उत्तर देण्याचे ओझे खूपच जास्त आहे, कारण बँकेत तारीख आहे, रक्कम आहे, ती कुठे गेली याची नोंद आहे. तोंडी साक्षीवर काही अवलंबून नाही.

तिसरी शक्यता, बाबांनी ठेव केलीच नाही. तुम्ही ती पावती कधी पाहिली आहे का? तुमच्या पत्रात ‘ठरले’ असा शब्द आहे, ‘ठेवली’ असा नाही. केलीच नसेल तर ही हुकूमनाम्याची अंमलबजावणी आहे आणि समोर आई नसून बाबा आहेत. हुकूमनाम्याला तेरा वर्षे झाली, म्हणजे बारा वर्षांची मुदत गेली, असे कोणी सांगेल. पूर्ण खरे नाही. मुदत कायदा, १९६३ चे कलम ६ अज्ञान व्यक्तीला सवलत देते आणि ती सवलत दाव्यांप्रमाणे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीलाही लागू आहे. कलम ८ तिला मर्यादा घालते : अज्ञानत्व संपल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे तुमच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. आईविरुद्ध हिशेबाचा दावा लावायचा झाला तरी मुदत तीच.

एका मुलाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते, ओळख पटणार नाही इतकी बदलून. तो वीस वर्षांचा असताना माझ्याकडे आला. वडिलांकडच्या नातेवाइकांनी त्याला पटवून दिले होते की आईने त्याची पोटगी खाल्ली आणि ठेवही मोडली. तो इतका चिडलेला होता की आईला नोटीस आजच पाठवा, म्हणून बसला. मी नक्कल अर्ज केला आणि फाइल येईपर्यंत त्याला थांबवले. फाइलमध्ये चार वर्षांचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयाची नोंद, होता. ‘अर्जदार हजर. गैरअर्जदार गैरहजर. वॉरंट पुन्हा काढावे.’ ही ओळ पुन्हा पुन्हा. पोटगी फारशी आलीच नव्हती आणि जी आली ती वसूल करायला त्याची आई प्रत्येक तारखेला कामावरची रजा टाकून उभी होती. ठेव मोडायला तिने न्यायालयाची परवानगी घेतली होती, आणि अर्जाला जोडलेली दवाखान्याची बिले त्याच्याच नावाची होती. त्याला त्या आजारपणाची पुसट आठवण होती, खर्च कसा भागला हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्ही शेवटी वडिलांवर दरखास्त लावली. तुमच्या बाबतीतही असेच निघेल असे मी म्हणत नाही. कदाचित उलट निघेल. पण फाइल न पाहता तुम्ही आईशी भांडू नये आणि बाबांवर विश्वासही ठेवू नये.

फाइल कशी मिळवायची, तेही सांगतो. प्रकरण क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर उत्तम. नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. नोंद सापडली तर सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळेल. जुनी प्रकरणे संगणकावर नसतात. तेव्हा ज्या न्यायालयात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. अर्जदार क्रमांक २ म्हणून तुम्ही स्वतः पक्षकार आहात, त्यामुळे प्रमाणित प्रत मागायला आईच्या किंवा बाबांच्या संमतीची गरज नाही. निकाल, हुकूमनामा, तडजोडीच्या अटी, पुरसिस (पक्षकारांनी न्यायालयात दिलेले लेखी निवेदन) आणि रोजनामा, सगळे मागा. केवळ निकालाची प्रत घेऊन थांबू नका; कोणी काय सोडले, काय स्वीकारले हे पुरसिसमध्ये असते.

राहिला अठरानंतरचा खर्च. बाबांनी अठरा पूर्ण होताच पोटगी थांबवली हे कलम १२५ च्या आदेशापुरते बरोबर असू शकते. त्या कलमाखाली सज्ञान मुलाला पोटगी मिळते ती शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तरच. पण अविवाहित मुलीसाठी दुसरा दरवाजा उघडा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी लग्नापर्यंत आई-वडिलांवर असते. दोघांवर; त्या कलमात केवळ ‘हिंदू पुरुष’ नव्हे, तर स्त्री आणि पुरुष दोघेही येतात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हा फरक नीट मांडला : हा हक्क आहे, पण दंडाधिकाऱ्यासमोरच्या कलम १२५ च्या अर्जात तो मागता येत नाही, कलम २० खाली स्वतंत्रपणे मागावा लागतो. त्यामुळे तुमची मागणी कौटुंबिक न्यायालयात नव्या अर्जाने, तुमच्या स्वतःच्या सहीने जाईल. बंद केल्यापासूनच्या सोळा महिन्यांची मागणीही त्यातच घाला. हिंदू व्यक्तीच्या थकीत निर्वाहासाठी मुदत कायद्यात तीन वर्षे आहेत.

त्या अर्जात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून त्याचा नमुना ठरला आहे. बाबांना पगार, गुंतवणूक, कर्जे लिहावी लागतील. तुम्हालाही लिहावे लागेल. शिष्यवृत्ती, सुट्टीतले काम, काहीही लपवू नका. चार पैसे कमावता म्हणून हक्क जात नाही, पण लपवलेले चार पैसे सापडले की तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वास जातो.

शिक्षणाच्या खर्चाबद्दल अलीकडे न्यायालयांची भूमिका स्पष्ट होत चालली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात वडिलांनी मुलीच्या शिक्षणासाठी दिलेले ४३ लाख रुपये मुलीने स्वाभिमानापोटी परत घ्या म्हटले आणि वडिलांनी घेतले नाहीत. न्यायालयाने म्हटले की आई-वडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवणे हा मुलीचा कायद्याने अंमलात आणता येणारा हक्क आहे आणि ती रक्कम तिचीच. मुलग्यांसाठी कलम २० अठरावर थांबते, आणि मला ते आजच्या काळात अन्यायाचे वाटते. अठराव्या वर्षी मुलगा बारावी जेमतेम संपवतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाच्या प्रकरणात पहिली पदवी हाती येईपर्यंत वडिलांनी खर्च द्यावा, असे सांगितले होते. कलम मात्र बदललेले नाही, त्यामुळे मुलग्यांनी आदेशातले शब्द फार बारकाईने वाचावेत. ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिले असेल तर अठरा हा आकडा मध्ये येत नाही.

खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणे सक्तीचे नाही, पण दरखास्त आणि मुदतीचे मुद्दे आहेत म्हणून तुम्ही वकील घ्याच.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा ठेवला असता. या आठवड्यात नक्कल अर्ज. कागद हाती आले की बँकेत जाऊन ठेवीचा शोध. मग निर्वाह कायद्याच्या कलम २० चा अर्ज, कारण पुढच्या सहामाहीची फी आजीच्या निवृत्तिवेतनातून जायला नको. त्याच सुमारास १४ महिन्यांची दरखास्त; ठेव झालीच नसेल तर तीही त्याच दरखास्तीत. आईला पत्र या सगळ्यानंतर, आणि त्यात आरोप नको, फक्त दोन प्रश्न : अकरा ते अठरा या वर्षांतली पोटगी कशी वापरली, आणि ठेवीचे काय झाले. उत्तरासाठी तिला एक महिना द्या. तुमच्या एकविसाव्या वाढदिवसाला वीस महिने आहेत. त्यातले दोन-तीन कागद जमवण्यात जातील, तेव्हा नक्कल अर्जाला उशीर करू नका.